थांबून थांबून फिरणारा वायपर

रिमझिम पावसात वायपर सलग चालू ठेवला, तर थोड्याच फेऱ्यांत काच कोरडी होते आणि रबर करकरू लागते. एरवी रबराच्या धारेखाली पाण्याचा अतिशय पातळ थर असतो व तोच वंगणाचे काम करतो. तो संपला की रबर काचेला चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते आणि ही थरथर आपल्याला आवाजाच्या रूपाने ऐकू येते. पात्याने एक फेरी मारून काही सेकंद थांबावे, ही गरज त्यातूनच निर्माण झाली. पूर्वी अनेक गाड्यांचे वायपर इंजिन हवा आत ओढताना होणाऱ्या शोषणावर चालत, आणि चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच ते नेमके मंदावत. विजेच्या मोटरने ही अडचण दूर केली, तरी थांब्याचा प्रश्न उरलाच.

या यंत्रणेत खरे कौशल्य पाते फिरवण्यापेक्षा ते योग्य जागी थांबवण्यात आहे. वायपरची मोटर सहसा एकाच दिशेने फिरते. तिचा वेग वर्म गिअरने, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्याने फिरणाऱ्या दातेरी चाकाने, कमी केला जातो आणि मध्यापासून बाजूला जोडलेली दांडी त्या फिरण्याचे पात्यांच्या मागे-पुढे होणाऱ्या झोक्यात रूपांतर करते. गिअरच्या मोठ्या चाकावर धातूची एक गोल पट्टी बसवलेली असते, तिच्यावर संपर्काची टोके घासत राहतात आणि त्या पट्टीला एका ठिकाणी खाच असते. यालाच पार्क स्विच म्हणतात. चालकाने वायपर कुठल्याही क्षणी बंद केला, तरी खाच येईपर्यंत या पट्टीतून मोटरला वीज मिळत राहते, त्यामुळे पाती काचेच्या मध्यावर अडकत नाहीत. खाच येताच वीज तुटते आणि त्याच वेळी मोटरची दोन टोके एकमेकांना जोडली जातात. वेगात असलेली मोटर त्या क्षणी जनित्रासारखी वागते आणि तिने निर्माण केलेला प्रवाहच तिला रोखून धरतो.

अधूनमधून पुसण्याची सोय या पार्क स्विचवरच उभी आहे. फेरीला किती वेळ लागतो, काच ओली आहे की कोरडी, हे टायमरला कळण्याची गरजच नसते. त्याने रिलेमार्फत (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचमार्फत) मोटरला क्षणभर वीज देऊन खाचेबाहेर ढकलावे, उरलेली फेरी पार्क स्विच पूर्ण करतो. दोन ढकलण्यांमधील अंतर मोजण्यासाठी कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) रेझिस्टरमधून (प्रवाहाला अडवणाऱ्या भागातून) सावकाश भरू दिला जातो. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १ लाख ओहमच्या रेझिस्टरमधून सुमारे ६३ टक्के भरायला १० सेकंद लागतात. बटण फिरवून रेझिस्टरचे मूल्य घटवले की थांबाही घटतो. आता ही मोजणी बहुधा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, करतो.

अमेरिकी अभियंते रॉबर्ट कर्न्स यांनी ट्रान्झिस्टर, कपॅसिटर व रेझिस्टर यांच्या अशा विद्युत मंडलासाठी १९६४ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि १९६७ मध्ये त्यांना ते मिळाले. फोर्ड कंपनीने हे पेटंट परवानगीविना वापरले, असा खटला कर्न्स यांनी भरला; यातील सुटे भाग सर्वांना माहीत असलेलेच होते, असा कंपनीचा न्यायालयात बचाव होता. १९७८ मध्ये सुरू झालेला तो खटला १९९० मध्ये १ कोटी २ लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. ओळखीच्या भागांची नवी जुळणी हाही शोधच असतो, हे कर्न्स यांचे म्हणणे मला पटते.

काचेवर पाणी फवारणाऱ्या वॉशरमध्ये टाकी, छोटा विजेचा पंप आणि बारीक तोंडाच्या नळ्या असतात. पाणी परत टाकीत उतरू नये म्हणून वाटेत अनेकदा एकतर्फी झडप बसवतात. येथेही महत्त्व क्रमाला आहे. पाणी पडण्याआधी पाते फिरले तर कोरडी धूळ काचेवर घासली जाते, म्हणून बऱ्याच गाड्यांत वायपर पंपानंतर किंचित उशिराने सुरू होतो आणि पंप थांबल्यावर आणखी काही फेऱ्या मारून उरलेले पाणी निपटतो.

पावसाचा अंदाज घेऊन आपोआप चालणाऱ्या वायपरमध्ये थांबा ठरवण्याचे काम प्रकाशाकडे जाते. आरशामागच्या संवेदकातून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण काचेत सुमारे ४५ अंशांनी (काचेला लंब असलेल्या रेषेपासून मोजता) सोडले जातात. बाहेर हवा असेल तर जवळपास ४२ अंशांपलीकडचा किरण पूर्णपणे आत परततो. पाणी असेल तर हीच मर्यादा ६० अंशांच्या पुढे जाते, त्यामुळे थेंबाच्या जागी बराचसा प्रकाश बाहेर निसटतो. परतणारा प्रकाश जितका झपाट्याने घटतो, तितके थांबे आखूड होतात. संवेदक आणि काच यांच्यामध्ये पारदर्शक जेलची चकती असते, आणि काच बदलताना तिच्यात हवेचा बुडबुडा राहिला, तर स्वच्छ उन्हातही वायपर अकारण फिरू शकतो.