दुसऱ्या वर्षी नवा प्रशिक्षक: शिकागो बेअर्सच्या तरुण क्वार्टरबॅकमागचा इतिहास

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५ रोजी रात्री शिकागोच्या सोल्जर फील्डवर बेअर्स आणि मिनेसोटा व्हायकिंग्ज या अमेरिकन फुटबॉल संघांत नव्या हंगामातील पहिला सामना झाला, तेव्हा केलेब विल्यम्स या २३ वर्षांच्या क्वार्टरबॅकने आपल्या दुसऱ्या हंगामाला सुरुवात केली आणि मैदानाच्या कडेला त्याचे नवे मुख्य प्रशिक्षक बेन जॉन्सन उभे होते. शिकागोत ही गोष्ट नवी नाही. २००३ मध्ये रेक्स ग्रॉसमन, २०१७ मध्ये मिचेल ट्रुबिस्की, २०२१ मध्ये जस्टिन फील्ड्स आणि २०२४ मध्ये विल्यम्स असे चार तरुण क्वार्टरबॅक या संघाने ड्राफ्टच्या, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडले आणि चौघांनाही दुसऱ्या वर्षी नव्या मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली पुन्हा पहिलीपासून शिकावे लागले. बेअर्सचे आक्रमण दुबळे का, याची चर्चा बहुतेक वेळा खेळाडूच्या हातापायांपाशी येऊन थांबते. गेली अनेक वर्षे हे सामने पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, दोष हाताचा कमी आणि घराचा जास्त आहे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात आणि प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात क्वार्टरबॅकच्या हातून होते. चेंडू धावणाऱ्याच्या हाती द्यायचा, की फेकायचा आणि फेकायचा तर कोणाकडे, हा निर्णय त्याला तीनेक सेकंदांत घ्यावा लागतो. त्याच्यापुढे पाच धिप्पाड खेळाडूंची ऑफेन्सिव्ह लाइन उभी असते. ती फुटली की प्रतिस्पर्धी त्याला चेंडूसकट जमिनीवर आपटतात आणि त्याला सॅक म्हणतात. क्रिकेटमध्ये नवख्या फलंदाजाला सहाव्या क्रमांकावर खेळवून रुळू देता येते. क्वार्टरबॅकला अशी सोय नाही. तो मैदानात असतो तेव्हा सगळे आक्रमण त्याच्याच खांद्यावर असते.

म्हणूनच या संघाच्या पहिल्या महान क्वार्टरबॅकची कथा नीट पाहिली पाहिजे. १९२० मध्ये डिकेटर स्टेलीज या नावाने सुरू झालेला, १९२१ मध्ये शिकागोत आलेला आणि १९२२ पासून बेअर्स म्हणवला गेलेला हा संघ जॉर्ज हॅलस यांनी उभा केला. १९३९ मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या सिड लकमनला ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतले. लकमन तेव्हाच्या रूढ पद्धतीप्रमाणे मागे उभा राहून चेंडू झेलत असे आणि तेथूनच धावत किंवा फेकत असे. हॅलस यांच्या डोक्यात मात्र टी-फॉर्मेशन होती. तिच्यात क्वार्टरबॅकने मधल्या खेळाडूच्या अगदी पाठीला चिकटून उभे राहायचे, दोन्ही हात जोडून चेंडू थेट तळहातात घ्यायचा, प्रतिस्पर्ध्याकडे पाठ फिरवून दोन पावले मागे यायचे, धावणाऱ्याला चेंडू दिल्याचा आभास निर्माण करायचा आणि मग वळून फेकायचे. हे कागदावर सोपे वाटते, पण चेंडू सुटत राहतो आणि पायात पाय येतात. पहिल्या वर्षी लकमनला हे लगेच जमले नाही, म्हणून हॅलस यांनी त्याला आधी हाफबॅकच्या, म्हणजे मागून धावणाऱ्याच्या, जागी खेळवले आणि क्वार्टरबॅकचे काम हळूहळू त्याच्या हाती दिले.

त्या थांबण्याचे फळ ८ डिसेंबर १९४० रोजी मिळाले. अजिंक्यपदाच्या सामन्यात बेअर्सने वॉशिंग्टनला ७३-० असे हरवले आणि आजही एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये त्याहून एकतर्फी निकाल लागलेला नाही. लकमनच्या काळात संघाने १९४०, १९४१, १९४३ आणि १९४६ अशी चार अजिंक्यपदे मिळवली. १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये, न्यूयॉर्कच्या ज्या मैदानावर त्याच दिवशी त्याचा सत्कार झाला होता, तेथेच जायंट्सविरुद्ध त्याने एका सामन्यात सात टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, फेकले. त्या वर्षीच्या १० सामन्यांत त्याच्या नावावर असे २८ पास लागले. बेअर्सच्या क्वार्टरबॅकांचा हा विक्रम मोडायला १९९५ साल उजाडावे लागले आणि तेव्हाही एरिक क्रेमरने १६ सामन्यांत फेकलेले टचडाउन पास भरले २९. अर्धशतकात अवघ्या एकाची भर पडली आणि क्रेमरचा आकडाही अजून कोणी ओलांडलेला नाही.

लकमननंतर हातात माणसे नव्हती, असे मुळीच नाही. १९४८ च्या संघात लकमनबरोबर जॉनी लुजॅक आणि बॉबी लेन हे दोघे तरुण होते आणि पुढच्याच वर्षी जॉर्ज ब्लँडा आला. लेनला एका हंगामानंतर देऊन टाकण्यात आले आणि १९५२ व १९५३ मध्ये त्याने डेट्रॉइट लायन्सला अजिंक्यपद मिळवून दिले. लुजॅकने १९४९ मध्ये एका सामन्यात ४६८ यार्डांचे पास फेकले आणि तो आजही संघाचा विक्रम आहे, पण त्याची कारकीर्द चार हंगामांतच आटोपली. ब्लँडाचे प्रकरण तर मनाला फारच लागते. शिकागोत १० वर्षांतला बराच काळ त्याच्याकडे दुय्यम माणूस म्हणूनच पाहिले गेले, नंतर ह्यूस्टनला जाऊन त्याने १९६० आणि १९६१ अशी एएफएल या तेव्हाच्या प्रतिस्पर्धी लीगची लागोपाठ दोन अजिंक्यपदे जिंकली आणि वयाच्या ४८ व्या वर्षापर्यंत तो खेळत राहिला. लेन आणि ब्लँडा हे दोघेही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

दरम्यान संघाची ओळखच वेगळी घडत गेली. १९६५ च्या ड्राफ्टमध्ये बचावासाठी डिक बटकस आणि धावण्यासाठी गेल सेयर्स एकाच दिवशी मिळाले. १९७५ मध्ये वॉल्टर पेटन आला आणि त्याने कारकिर्दीत १६,७२६ यार्ड धावून तोवरचे सगळे विक्रम मागे टाकले. मिशिगन सरोवरावरून येणारा वारा, डिसेंबरमधील गोठलेली जमीन आणि अंगमेहनतीचा अभिमान बाळगणारे शहर, या सगळ्याला बचाव आणि धाव हीच शैली शोभून दिसली. १९८५ च्या संघाने त्यावर शिक्कामोर्तब केले. माइक डिट्का यांच्या हाताखाली आणि बडी रायन यांच्या बचावाच्या बळावर १५ सामने जिंकून एकच हरलेल्या या संघाने २६ जानेवारी १९८६ रोजी सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, न्यू इंग्लंडला ४६-१० असे धुऊन काढले. जिम मॅकमॅहन हा त्या संघाचा हुशार आणि धाडसी क्वार्टरबॅक होता, परंतु दुखापतींनी त्याची पाठ कधी सोडली नाही. त्या विजयाचा अर्थ शहराने असा लावला की, बचाव भक्कम असला म्हणजे क्वार्टरबॅकने फक्त चूक न केली तरी पुरते. माझ्या मते पुढच्या चार दशकांतील बहुतेक चुकांचे मूळ त्या समजुतीत आहे.

त्यानंतर मुख्य प्रशिक्षक निवडताना संघाचा कल पुन्हापुन्हा बचावातील तज्ज्ञांकडे गेला. डेव्ह वॉनस्टेट, डिक जॉरोन, लव्ही स्मिथ, जॉन फॉक्स आणि मॅट एबरफ्लस हे सगळे त्याच वाटेने आलेले होते. अशा प्रशिक्षकाच्या हाताखाली आक्रमण एखाद्या समन्वयकाकडे सोपवले जाते. ते चालले तर तो समन्वयक दुसरीकडे मुख्य प्रशिक्षक होऊन जातो आणि फसले तर त्याला काढले जाते. क्वार्टरबॅकच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच असतो, तो म्हणजे डावांची नवी वही, नवे शब्द आणि पावलांचे नवे मोजमाप. ग्रॉसमन २००६ मध्ये २३ टचडाउन आणि २० इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) अशा धोक्याच्या हिशेबाने संघाबरोबर सुपर बोलपर्यंत गेला, तो मुख्यतः बचावाच्या आणि किक परतवणाऱ्या डेव्हिन हेस्टरच्या पायांच्या जोरावर. २००९ मध्ये ड्राफ्टमधील पहिल्या फेरीच्या दोन निवडी मोजून आणलेल्या जे कटलरने संघाचे कारकिर्दीतील जवळजवळ सर्व पासिंग विक्रम आपल्या नावावर केले, पण शिकागोतील आठ हंगामांत त्याच्यासाठी डाव आखणारी माणसे सहा वेळा वेगवेगळी होती. कटलरच्या चेहऱ्यावरच्या बेफिकिरीवर इतके बोलले गेले की या आकड्याकडे लक्ष द्यायला कोणाला सवडच झाली नाही.

शेजारच्या ग्रीन बेमध्ये, पॅकर्स संघात, याच काळात काय चालले होते, हे पाहिले की दुखणे अधिक कळते. ब्रेट फाव्हरने १९९२ पासून २००७ पर्यंत पॅकर्ससाठी सलग २५३ सामन्यांत सुरुवात केली आणि तेवढ्या अवधीत बेअर्सने वीसहून अधिक क्वार्टरबॅक वापरले. फाव्हरच्या मागे ॲरन रॉजर्स तीन वर्षे बसून शिकला आणि रॉजर्सच्या मागे जॉर्डन लव्हही तीन वर्षे बसला. २०१७ मध्ये बेअर्सने एक जागा वर सरकण्यासाठी जादा निवडी देऊन महाविद्यालयात केवळ १३ सामन्यांत सुरुवात केलेल्या ट्रुबिस्कीला दुसऱ्या क्रमांकावर घेतले, तेव्हा दहाव्या क्रमांकावर पॅट्रिक महोम्स कॅन्सस सिटीकडे गेला. शिकागोत ही निवड आजही जखमेसारखी ठसठसते. मात्र महोम्सला पहिले वर्ष ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून काढता आले आणि त्याचे प्रशिक्षक अँडी रीड आजही तेच आहेत. तोच मुलगा २०१७ च्या शिकागोत आला असता तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर मला वाटते तितके सोपे नाही.

घाईला आर्थिक कारणही आहे. २०११ च्या करारानंतर ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूंचे पहिल्या चार वर्षांचे मानधन बांधून दिले गेले. त्यामुळे तरुण क्वार्टरबॅक स्वस्तात मिळतो आणि तो स्वस्त आहे तोवरच जिंकून घ्यावे, असा विचार सगळीकडे बळावला. फील्ड्स या घाईचाच बळी ठरला. २०२२ मध्ये तो १,१४३ यार्ड धावला, त्यांपैकी १७८ एकट्या मायामीविरुद्धच्या सामन्यात. त्याच हंगामात त्याला ५५ वेळा सॅक केले गेले आणि संघाने १७ पैकी तीनच सामने जिंकले. त्या तळाच्या स्थानामुळे मिळालेली पहिली निवड कॅरोलिनाला देऊन बेअर्सने पास झेलणारा डीजे मूर आणि पुढील निवडी घेतल्या. त्यातील एक २०२४ ची पहिली निवड ठरली आणि तीतून विल्यम्स आला.

विल्यम्सने २०२२ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे हाइझमन पारितोषिक मिळवले होते आणि पहिल्याच हंगामात त्याने ३,५४१ यार्ड, २० टचडाउन आणि केवळ सहा इंटरसेप्शन अशी कामगिरी केली. या आकड्यांवरून तो हंगाम किती यातनांचा होता, हे कळणार नाही. त्याला ६८ वेळा सॅक केले गेले. लीगच्या इतिहासात एका हंगामात याहून अधिक सॅक फक्त दोघांच्या वाट्याला आले आहेत, २००२ मध्ये डेव्हिड कारच्या आणि १९८६ मध्ये रँडल कनिंगहॅमच्या. कार हाही पहिल्या क्रमांकाने निवडलेला तरुण होता आणि त्या माराने त्याच्या खेळाचे काय झाले, हे सर्वांनी पाहिले आहे. येथे विल्यम्सचा दोषही मान्य केला पाहिजे. तो चेंडू फार वेळ हातात ठेवतो. महाविद्यालयात चकवून बाहेर निसटणे त्याला जमत असे, येथे त्याच चकव्यातून मागे १० यार्ड गमावले जातात. परंतु न्यू इंग्लंडविरुद्ध एका दुपारी नऊ सॅक होतात, तेव्हा ते एकट्या मुलाच्या हट्टाने होत नाहीत.

चार विजय आणि दोन पराभव अशा आशादायक सुरुवातीनंतर संघ सलग १० सामने हरला. वॉशिंग्टनमध्ये शेवटच्या क्षणी हवेत भिरकावलेल्या पासवर हरलेला सामना त्यांत पहिला होता. पण माझ्या मनात घर करून राहिली आहे ती २८ नोव्हेंबर २०२४ ची थँक्सगिव्हिंगची दुपार. शिकागोच्या उपनगरात आम्ही काही मराठी कुटुंबे जेवायला जमलो होतो. डेट्रॉइटमध्ये बेअर्स २०-२३ असे पिछाडीवर होते. विल्यम्सला सॅक केले गेले तेव्हा सुमारे अर्धे मिनिट उरले होते आणि हातात एक टाइमआउट, म्हणजे घड्याळ थांबवण्याची मुभा, शिल्लक होता. तो घेतला असता तर बरोबरीसाठी किक मारता येण्याइतके पुढे सरकता आले असते. घड्याळ पळत राहिले, खेळाडू धावपळ करत रांगेत उभे राहत होते, मुख्य प्रशिक्षक कडेला उभे होते आणि खोलीत हातातली ताटे तशीच धरून सगळे पडद्याकडे पाहत होते. सहा-सात सेकंद उरले असताना चेंडू हलला, लांबचा पास जमिनीवर पडला आणि सामना संपला. टाइमआउट तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी एबरफ्लस यांना काढण्यात आले आणि चालू हंगामात मुख्य प्रशिक्षकाला काढण्याची बेअर्सच्या इतिहासातील ती पहिली वेळ होती. आक्रमणाचे समन्वयक शेन वॉल्ड्रन त्याआधीच, त्याच महिन्यात गेले होते.

प्रशिक्षक बदलणे नेहमीच घातक असते, असे मी म्हणणार नाही. जेरेड गॉफ २०१६ मध्ये पहिल्या क्रमांकाने रॅम्स संघाकडे आला, त्याने सुरुवात केलेले सातही सामने संघ हरला आणि पुढच्या वर्षी शॉन मॅकव्हे मुख्य प्रशिक्षक म्हणून आल्यावर तोच गॉफ वेगळा खेळाडू दिसू लागला. नंतर त्याच गॉफला डेट्रॉइटमध्ये हाताशी धरून तेथील आक्रमणाचे समन्वयक बेन जॉन्सन यांनी असे आक्रमण बांधले की २०२४ मध्ये लायन्सने ५६४ गुण केले. बेअर्सचे त्याच वर्षीचे गुण होते ३१०. फरक एवढाच आहे की, या खेपेला मुख्य प्रशिक्षक स्वतःच डाव आखणारा आहे. तो यशस्वी झाला तर दुसरीकडे जाणार नाही आणि त्याच्याबरोबर वहीही जाणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये जॉन्सन यांना नेमल्यानंतर संघाने जो थ्यूनी, जोना जॅक्सन आणि ड्रू डालमन यांना आणून लाइनचा मधला भाग पूर्ण बदलला आणि ड्राफ्टमध्ये पास झेलणाऱ्या कोलस्टन लव्हलँड व लूथर बर्डन यांना घेतले. आधी भिंत आणि मग चित्र, हा क्रम शिकागोत मी पहिल्यांदाच पाहतो आहे.

पासिंगच्या बाबतीत या संघापुढचा जुना प्रश्न अजून तसाच आहे. लीगमधील ३२ संघांपैकी एका हंगामात ४,००० यार्ड फेकणारा क्वार्टरबॅक ज्याला कधीच लाभला नाही, असा बेअर्स हा एकमेव संघ आहे आणि क्रेमरचे १९९५ मधील ३,८३८ यार्ड हेच २०२४ पर्यंत त्याचे शिखर होते. विल्यम्सचे पहिल्या वर्षीचे आकडे त्यापासून फार दूर नव्हते. पण २०२५ च्या उन्हाळ्यात तो जे शिकत होता ते आकड्यांत मोजण्यासारखे नव्हते. महाविद्यालयात तो बहुतांशी चार-पाच यार्ड मागे उभा राहूनच चेंडू घेत असे. जॉन्सन यांच्या पद्धतीत क्वार्टरबॅकला बरेचदा मधल्या खेळाडूच्या पाठीला चिकटून उभे राहावे लागते, प्रतिस्पर्ध्याकडे पाठ फिरवून धावणाऱ्याला चेंडू दिल्याचा आभास करावा लागतो आणि मगच मान वर करून मैदान वाचावे लागते. १९३९ मध्ये लकमनने जी पावले टाकायला शिकून घेतली होती, विल्यम्स तेव्हा तीच गिरवत होता.