हरित मानांकन आणि गोदामातली बटणं : पार्श्वभूमी

दिव्याचं नियंत्रण तिथं काम करणाऱ्याच्या हाती असावं, हा हरित मानांकनातला (पर्यावरणपूरक इमारतींना गुण देण्याच्या पद्धतीतला) निकष मुळात कार्यालयं डोळ्यांपुढे ठेवून लिहिला गेला. अमेरिकेच्या ग्रीन बिल्डिंग कौन्सिलने २००० साली आणलेल्या लीड २.० या मानांकनात त्याचा एक भाग खिडकीशी बांधलेला होता: बाहेरच्या भिंतीलगतच्या १५ फुटांच्या पट्ट्यात दर २०० चौरस फुटांमागे एक उघडणारी खिडकी आणि दिव्यांचा एक स्वतंत्र झोन, म्हणजे एकत्र चालू-बंद होणारा गट. गोदामात जिथं भिंत म्हणजे पत्रा आणि डॉकची (माल चढवण्या-उतरवण्याच्या जागेची) शटर्स, तिथं हे माप लागूच पडेना. २००५ च्या २.२ आवृत्तीने खिडकी सोडली आणि माणूस धरला: किमान ९० टक्के माणसांना स्वतःचं नियंत्रण, शिवाय सामायिक जागांतही बदल करण्याची सोय.

त्या काळच्या गोदामांत हे जमणं अवघड होतं. ४०० वॉटचा मेटल हॅलाइड हाय-बे (उंच छताचा वायूचा दिवा) एकदा विझला की थंड होऊन पुन्हा पेटायला १०-१५ मिनिटं घेई, आणि मंद करायची सोय जवळजवळ नव्हतीच. म्हणून पाळी सुरू होताना सगळे दिवे लावायचे, सुटताना बंद करायचे, तेही पॅनेलमधल्या एमसीबीने, म्हणजे बिघाडात वीज तोडणाऱ्या छोट्या सर्किट ब्रेकरने. एमसीबी हे संरक्षणाचं साधन आहे, रोजचं बटण नव्हे. दिवे बदलले तरी ही सवय अनेक ठिकाणी टिकून आहे. टी-५ या बारीक ट्यूबलाइटनी थोडी वाट मोकळी केली. खरा फरक एलईडीने पडला, कारण तो क्षणात पेटतो आणि हवा तेवढा मंद होतो.

भारतात २००७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने ५०० चौरस मीटरहून मोठ्या इमारतींत स्वयंचलित नियंत्रण आणि साठवणीच्या जागांत हालचाल टिपणारे सेन्सर सांगितले. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवण्याचं करापुरतं कारण संपलं आणि भिवंडी, चाकणसारख्या पट्ट्यांत मोठ्या, उंच गोदामांना जोर आला.

आजचा बहुतेक घोळ सेन्सर आणि हातातलं बटण एकच मानल्याने होतो. गल्लीतला सेन्सर वीज वाचवतो. माणसाच्या हातचं नियंत्रण हा वेगळा निकष आहे, आणि सेन्सर बसवून त्याचा गुण मिळत नाही. २०१३ च्या लीड व्ही-४ मध्ये ९० टक्के वैयक्तिक कामाच्या जागांना तीन पातळ्या लागतात: चालू, बंद आणि ३० ते ७० टक्क्यांमधली एक. गोदामात अशा जागा म्हणजे पॅकिंग टेबलं, डॉकवरचं कागदपत्रांचं टेबल, ऑफिस. अशा २४ जागा असतील तर किमान २२ जागी असं नियंत्रण हवं, उदाहरणार्थ मंद होणारा टास्क लाइट (त्या टेबलापुरता दिवा). सामायिक जागेचं बटण त्याच जागेत हवं, आणि ते दाबणाऱ्याला दिवे समोर दिसले पाहिजेत. सिक्युरिटी केबिनमधलं पॅनेल इथंच बाद होतं.

रॅकमधल्या गल्ल्यांसाठी अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या २०१३ च्या ऊर्जा संहितेचा नियम आम्हाला सर्वांत उपयोगी वाटतो: गल्ली रिकामी असताना वीज किमान ५० टक्के कमी, आणि प्रत्येक गल्लीचं नियंत्रण स्वतंत्र. ते बसवताना चूक होते ती लेन्समध्ये. ऑफिसच्या छताचा पीआयआर सेन्सर (शरीराची उष्णता हलताना टिपणारा) १२ मीटरवरून माणूस टिपत नाही. हाय-बेचा, लांबट पट्टा पाहणारा लेन्स लागतो. आडव्या रस्त्यावरून फोर्कलिफ्ट गेली की सगळ्या गल्ल्या उजळत असतील, तर टोकाच्या सेन्सरच्या लेन्सचा त्या बाजूचा भाग मास्कने झाकावा. शिवाय पीआयआर शरीर आणि परिसराच्या तापमानातला फरक पाहतो. मे महिन्यात पत्र्याखाली तो फरक फार कमी उरतो आणि माणूस खाली असतानाच दिवे मंद होऊ शकतात. म्हणून चाचणी भर दुपारी, उन्हाळ्यात घ्यावी.