केडगावच्या ‘मुक्ती’मागचा इतिहास

३० जून १९०५. पुणे–दौंड लोहमार्गावरच्या केडगावी, निराधार मुली-बायकांच्या मुक्ती सदनात, पंडिता रमाबाई आपल्या नेहमीच्या शांत पद्धतीने मुलींना योहानाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्राचा, आठवा अध्याय शिकवत होत्या. शिकवता शिकवता मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. कुणी हुंदके देत आपली पापं कबूल करू लागली, कुणी गुडघ्यांवर आली. आवाज इतका वाढला की बाईंना बोलणं थांबवावं लागलं.

जो पाप करतो तो पापाचा दास आहे, आणि पुत्राने बंधमुक्त केलं तरच माणूस खरोखर बंधमुक्त होतो, हे येशूचं वचन त्याच आठव्या अध्यायात आहे. आज मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायला उभं राहून ‘प्रभूने मला सोडवलं’ म्हणतं तेव्हा हे वचन आपल्या कानांना इतकं सवयीचं झालेलं असतं की त्यातला ‘दास’ हा शब्द बोचत नाही. ज्यांनी तो पहिल्यांदा ऐकला त्यांना बोचला असणार. रोमी साम्राज्यात दास बाजारात विकला जाई आणि किंमत मोजून सोडवताही येई. म्हणूनच नव्या करारात, बायबलच्या दुसऱ्या भागात, ‘खंडणी’ म्हणजे सुटकेची किंमत हा शब्द येतो, आणि प्रेषित पौल रोमकरांस लिहिताना पापाला धनी म्हणतो, मरणाला त्याचं वेतन म्हणतो.

रमाबाईंना हे बंधन पुस्तकातून कळलं नव्हतं. १८५८ साली गंगामूळच्या रानात जन्मलेली ही मुलगी. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. पुराणं सांगत हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थाटन करत राहिलं. पुण्य जोडावं, पाप धुतलं जावं म्हणून स्नानं, उपास, दानं झाली. जवळचा पैसा त्यातच गेला. पुढे दुष्काळात आईवडील दोघेही गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. पण धर्मशास्त्रं वाचताना तिला दिसलं की स्त्रियांविषयी त्या ग्रंथांचं मत जवळजवळ एकच आहे: स्त्री अपवित्र, आणि पुरुषासारखा मोक्ष तिला नाही. ज्या विद्येसाठी तिचा गौरव झाला, त्याच विद्येने तिला हे वाचून दाखवलं. या एका गोष्टीशी मी दर वेळी अडखळतो.

लग्नानंतर सिलचरला पतीच्या पुस्तकांत तिला बंगालीतलं लूककृत शुभवर्तमान मिळालं. १८८२ साली पती वारले. पदरी लहानगी मनोरमा. पुढच्या वर्षी रमाबाई इंग्लंडला वाँटेजच्या भगिनींकडे, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती संन्यासिनींकडे, गेल्या. त्या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांमध्ये काम करत. त्या स्त्रियांना प्रेमाने जवळ केलेलं आणि त्यांचं आयुष्य बदललेलं रमाबाईंनी पाहिलं. हे का करता, असं विचारल्यावर एका भगिनीने त्यांना बायबलमधली शोमरोनी (यहुद्यांनी परकी मानलेल्या जमातीतल्या) स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीपाशी येशू त्या स्त्रीशी बोलतो, तिचं सगळं जीवन ओळखून बोलतो, तरी तिला झिडकारत नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

इथेच गोष्ट संपली असं पुष्कळ जण धरतात. रमाबाईंनी स्वतः तसं धरलं नाही. आपल्या साक्षीत त्या म्हणतात की बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मनावरचं पापाचं ओझं तसंच होतं. विल्यम हॅस्लम हे इंग्रज पाळक स्वतःचं तारण होण्याआधीच इतरांना उपदेश करत होते. त्यांचं आत्मकथन वाचून रमाबाई हादरल्या. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांनी आपला भार ख्रिस्तावर टाकला, काही मिळवून नव्हे, आहोत तशा. विधवांसाठी शारदा सदन ही शाळा चालवणारी, देशोदेशी नाव झालेली बाई हे उघड कबूल करते, याला मोठं धैर्य लागतं.

१८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावला घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय झाली, आणि त्या जागेला नाव पडलं ‘मुक्ती’. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे दीड हजारांहून अधिक जणी राहत होत्या. विणकाम, शेती, तेलघाणा, छापखाना असं सगळं त्या शिकल्या. टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन वेगळं होतं. आधी पोटाला अन्न, मग अक्षर, मग प्रार्थना, अशी पायरी रमाबाईंनी लावली नाही. भुकेतून सोडवणं आणि पापातून सोडवणं त्यांच्या लेखी एकाच धन्याचं काम होतं.

वेल्समधल्या संजीवनाच्या, म्हणजे मंडळीत उसळलेल्या आध्यात्मिक जागृतीच्या, बातम्या येत होत्या. जानेवारी १९०५ मध्ये सत्तरएक जणी रोज प्रार्थनेला बसू लागल्या. संख्या वाढत वाढत जूनअखेर तो दिवस आला. लॉस एंजेलिसच्या अझूसा रस्त्यावरचं प्रसिद्ध संजीवन त्यानंतर, १९०६ मध्ये. मुक्तीतल्या मिनी एब्रम्स यांनी या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका चिलीला पोचली आणि तिथल्या पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या) चळवळीला तिच्यातून चालना मिळाली.

रमाबाईंची शेवटची वर्षं इब्री आणि ग्रीक भाषांतून बायबल सोप्या मराठीत आणण्यात गेली. खेड्यातल्या अर्धशिक्षित बाईलाही ते वाचता यावं, हा त्यांचा हट्ट. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं, आणि ते छापण्याचं काम मुक्तीतल्याच बायकांच्या हातून झालं.