पार्श्वभूमी : समुद्रापारचा कारभार आणि वेस्टमिन्स्टरची उशिराची चौकशी

२८ मे १७८२ रोजी हाउस ऑफ कॉमन्सने एक ठराव केला. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि मुंबई कौन्सिलचा अध्यक्ष विल्यम हॉर्नबी यांची अनेक कृत्ये देशाच्या प्रतिष्ठेला आणि धोरणाला सोडून आहेत, त्यांच्यामुळे हिंदुस्थानावर आपत्ती आणि कंपनीवर अफाट खर्च ओढवला, तेव्हा संचालकांनी दोघांनाही परत बोलवावे, असा त्याचा आशय होता.

हॉर्नबीचे नाव त्यात आले ते आपल्याकडच्या प्रकरणामुळे. साष्टी आणि वसई पदरात पडावी म्हणून मुंबईकरांनी मार्च १७७५ मध्ये कलकत्त्याला न विचारता राघोबादादाशी सुरतेचा तह केला. कलकत्त्याने तो नामंजूर केला आणि कर्नल अप्टनला पाठवून मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह करवला. मुंबईने तो मनावर घेतलाच नाही. १७७८ च्या अखेरीस तिची फौज पुण्याकडे निघाली, कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपला ‘इष्टुर फाकडा’, पडला आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला नाक घासून करार करावा लागला. त्याचा हिशोब लंडनमध्ये मागितला गेला तीन वर्षांनी. गंमत म्हणजे ठरावाच्या अकरा दिवस आधी, १७ मे रोजी, सालबाईचा तह होऊन गेला होता. पत्र पोहोचायला पाच-सहा महिने लागत, त्यामुळे सभागृहाला त्याचा पत्ता असणे शक्यच नव्हते.

ठरावामागे १७८१ मध्ये नेमलेल्या दोन समित्यांचे काम होते. एकीत एडमंड बर्कचा पुढाकार, दुसरी हेन्री डंडासची ‘गुप्त समिती’. दोघींनी कंपनीचा पत्रव्यवहार मागवला, साक्षी घेतल्या, अहवालांमागून अहवाल काढले. आणि निष्पन्न काय? कंपनीच्या भागधारकांनी हेस्टिंग्जला परत बोलवायला साफ नकार दिला. तो १७८५ पर्यंत खुर्चीवर राहिला. ठरावांतली भाषा मात्र १७८४ च्या पिटच्या कायद्यात उतरली: हिंदुस्थानात मुलूख जिंकून राज्य वाढवणे हे या राष्ट्राच्या इच्छेला, प्रतिष्ठेला आणि धोरणाला सोडून आहे. कलम कायद्यात राहिले आणि १८१८ मध्ये पेशवाई गेली.

आजच्या ब्रिटिश परराष्ट्र व्यवहार समितीचे, म्हणजे परराष्ट्र खात्यावर नजर ठेवणाऱ्या खासदारांच्या समितीचे, अहवाल वाचताना हे प्रकरण डोक्यात ठेवावे. कागद मागवायचे, साक्षी घ्यायच्या, शिफारस करायची आणि सरकार काय करते ते बघत बसायचे, ही रीत तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

याचे मूळ राजाच्या विशेषाधिकारात आहे. तह करणे, सैन्य पाठवणे आणि वसाहतींची घटना ठरवणे ही कामे ब्रिटनमध्ये परंपरेने राजाच्या नावाने मंत्रीच करतात. कायदा करायचा तर संसदेत जावे लागते. तह करायला जावे लागत नसे. पहिल्या महायुद्धातले गुप्त करार उघड झाल्यावर ओरड झाली. १ एप्रिल १९२४ रोजी मजूर पक्षाच्या सरकारातील उपमंत्री आर्थर पॉन्सनबी यांनी जाहीर केले, की यापुढे प्रत्येक तह मंजुरीपूर्वी २१ दिवस सभागृहाच्या पटलावर ठेवला जाईल. त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या बाल्डविन सरकारने ही प्रथा मोडली, १९२९ मध्ये ती पुन्हा आली, आणि २०१० च्या कायद्याने तिला वैधानिक रूप दिले.

या कायद्याची मेख हिशोबात आहे. २१ दिवस मोजायचे ते दोन्ही सभागृहे बसतात तेवढेच. त्या काळात कॉमन्सने विरोधी ठराव केला तर मंत्र्याला लेखी कारणे देऊन नवी २१ दिवसांची मुदत सुरू करावी लागते, आणि हे कितीही वेळा होऊ शकते. लॉर्ड्सने विरोध केला तर फक्त कारणे द्यायची. पण चर्चेसाठी वेळ देण्याची सक्ती कुठेच नाही, आणि सभागृहाचे वेळापत्रक बहुतांशी सरकारच्या हाती असते. तहातला स्वल्पविरामही खासदारांना बदलता येत नाही. (आपल्याकडे तर एवढेही नाही. भारताने केलेल्या तहाला संसदेची मंजुरी घटनेने आवश्यक ठेवलेली नाही. तहासाठी कायदा बदलावा लागला तरच विषय सभागृहात येतो.)

प्रत्येक खात्यामागे एक कायम समिती असावी, ही कल्पना १९७९ ची. थॅचर सरकारात सभागृहाचे कामकाज पाहणारे नॉर्मन सेंट जॉन-स्टीव्हस यांनी ती २५ जून १९७९ रोजी मंजूर करून घेतली. अशा समित्यांना तिकडे ‘सिलेक्ट कमिटी’ म्हणतात. आपल्या विधिमंडळातली विधेयकापुरती बसणारी प्रवर समिती ती ही नव्हे. परराष्ट्र व्यवहार समितीत ११ सदस्य असतात, गणपूर्ती तिघांची. खात्याचा खर्च, प्रशासन आणि धोरण तपासणे हे तिचे काम. अहवालाला दोन महिन्यांत उत्तर देण्याचा संकेत आहे. अध्यक्ष पूर्वी व्हिपांच्या संगनमताने ठरे. २००१ मध्ये सरकारने डोनाल्ड अँडरसन यांना या समितीवरून वगळण्याचा घाट घातला तेव्हा स्वपक्षीय खासदारांनीच तो हाणून पाडला. २०१० पासून अध्यक्षाची निवड सगळे सभागृह गुप्त मतदानाने करते, त्यामुळे सत्ताधारी पक्षाचा अध्यक्षही पंतप्रधानांच्या मेहेरबानीवर राहत नाही.

समितीला ‘माणसे, कागद आणि नोंदी’ मागवण्याचा अधिकार आहे. तो ऐकायला भारदस्त, प्रत्यक्षात भोकाभोकांचा. मंत्र्याला ती हजर राहण्याची विनंती करते, हुकूम करू शकत नाही. अधिकारी येतात, पण १९८० पासूनच्या ऑस्मदर्ली नियमांनुसार ते मंत्र्याच्या वतीने बोलतात. मंत्र्याला काय सल्ला दिला ते सांगत नाहीत. १९८४ मध्ये संरक्षण खात्यातील क्लाइव्ह पाँटिंग यांनी १९८२ च्या फॉकलंड युद्धातल्या ‘जनरल बेलग्रानो’ या अर्जेंटिनी युद्धनौकेच्या बुडवणुकीबद्दलचे कागद खासदार टॅम डेलियल यांना पाठवले. डेलियल यांनी ते समितीकडे दिले आणि अध्यक्ष अँथनी कर्शॉ यांनी ते सरळ संरक्षणमंत्र्यांच्या हवाली केले! पाँटिंग यांच्यावर खटला झाला. फेब्रुवारी १९८५ मध्ये ज्यूरीने त्यांना सोडले. १९९९ मध्ये उलटे घडले. सिएरा लिओनच्या शस्त्रप्रकरणावरील अहवालाचा मसुदा समितीतल्याच एका सदस्याने परराष्ट्रमंत्र्यांना आधीच पोहोचवला होता.

समुद्रापारच्या प्रदेशांत ही भोके आणखी रुंद होतात. असे प्रदेश आज १४ आहेत. बर्म्युडा, जिब्राल्टर, फॉकलंड, केमन, सेंट हेलेना यांच्यापासून फक्त शास्त्रज्ञ राहतात अशा अंटार्क्टिकच्या तुकड्यापर्यंत. सगळ्यांची मिळून वस्ती आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. १९८१ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना ‘आश्रित प्रदेश’ म्हटले होते. २००२ मध्ये ‘ओव्हरसीज टेरिटरी’ हे नाव आणि ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. बहुतेक ठिकाणी निवडून आलेले सरकार असते. संरक्षण, परराष्ट्र संबंध आणि अंतर्गत सुरक्षा गव्हर्नरकडे. वेस्टमिन्स्टरमध्ये त्यांचा एकही खासदार नाही. म्हणजे ज्यांच्याबद्दल चौकशी करायची, त्यांच्यापैकी कोणीच समितीत बसत नाही.

तरीही एकदा चौकशीने सरकार खरोखर हलले. जुलै २००७ मध्ये समितीने या प्रदेशांवर चौकशी सुरू करून लेखी निवेदने मागवली. टर्क्स अँड केकॉस या छोट्या कॅरिबियन बेटसमूहातून आलेली पत्रे वेगळीच होती: सरकारी जमिनी मर्जीतल्यांना स्वस्तात दिल्याचे आरोप, आणि सोबत ‘माझे नाव छापू नका’ अशी विनंती. इथे तांत्रिक मुद्दा मोलाचा ठरला. समितीने निवेदन पुरावा म्हणून स्वीकारले की त्याला संसदीय विशेषाधिकाराचे कवच मिळते. मजकुराबद्दल अब्रुनुकसानीचा दावा लावता येत नाही. पण हे कवच न्यायालयापुरते. चौदा-पंधरा लोकांच्या गल्लीत कोणी पत्र लिहिले हे ओळखायला न्यायालय लागत नाही, आणि धमकी देणारा ब्रिटनबाहेर असला तर अवमानाची कारवाई त्याच्यापर्यंत पोहोचणार कशी? म्हणून समितीने काही पत्रे निनावी छापली, काही गोपनीय ठेवली आणि सदस्य स्वतः बेटांवर जाऊन आले.

जुलै २००८ च्या अहवालात तिने तिथल्या भीतीच्या वातावरणाची नोंद केली आणि चौकशी आयोगाची मागणी केली. परराष्ट्र खाते तोवर पुरावा आणा, मग बघू, अशा पवित्र्यात होते. आता त्याच महिन्यात गव्हर्नरने सर रॉबिन ऑल्ड यांचा आयोग नेमला. मार्च २००९ मध्ये प्रीमियर मायकेल मिसिक पायउतार झाले. शासन आणि विधिमंडळात भ्रष्टाचार मुरलेला असण्याची दाट शक्यता आयोगाने नोंदवली, आणि १४ ऑगस्ट २००९ रोजी लंडनने तिथले विधिमंडळ आणि मंत्रिमंडळ निलंबित करून कारभार गव्हर्नरकडे दिला. निवडणूक झाली ती थेट नोव्हेंबर २०१२ मध्ये. भ्रष्टाचार थांबवण्यासाठी तीन वर्षे लोकांचे मत काढून घेणे हा सौदा तिथे अनेकांना अजून टोचतो, आणि तो निराधार रागही नाही.

कदाचित त्यामुळेच फेब्रुवारी २०१९ चा अहवाल बेटांवर इतका अंगावर घेतला गेला. कंपन्यांच्या खऱ्या मालकांची नोंदवही सर्वांना खुली करा, समलिंगी विवाहाला मान्यता द्या, ‘बिलॉन्गर’ (बेटाचे मूळचे म्हणून खास दर्जा असलेले) नसलेल्या रहिवासी ब्रिटिशांनाही मत द्या, असे समितीने सांगितले. बेटांवरच्या सरकारांना त्यात जुन्या मालकाचा आवाज ऐकू आला. मतदानाची सूचना सरकारनेही उचलली नाही.

हिंदी महासागरातली चागोस बेटे हे मात्र चौकशीला कायम चुकवलेले प्रकरण. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे राजसत्तेच्या सल्लागार मंडळाच्या, हुकुमाने ही बेटे मॉरिशसपासून तोडली. संसदेत मतदान नाही. मॉरिशसला ३० लाख पौंड दिले. त्यांतल्या दिएगो गार्सिया या बेटावर लष्करी तळ मिळाला त्याच्या बदल्यात अमेरिकेने पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या खर्चात १ कोटी ४० लाख डॉलरची सूट दिली, ती दोन्ही देशांच्या लोकप्रतिनिधींपासून लपवली आणि ती १९७५ मध्ये अमेरिकन काँग्रेसमुळे उजेडात आली. १९७३ पर्यंत सगळ्या रहिवाशांना हलवून मॉरिशस आणि सेशेल्सला सोडले. २००० मध्ये ब्रिटिश न्यायालयाने त्यांचा परतीचा हक्क मान्य केला. १० जून २००४ रोजी, युरोपीय संसदेच्या निवडणुकीच्या दिवशी, दुसऱ्या हुकुमाने तो काढून घेतला. खासदारांना नंतर कळवले.

दहशतवादाच्या संशयावरून अमेरिकेने पकडलेल्या कैद्यांची विमाने दिएगो गार्सियावरून गेली का, हे समितीने वारंवार विचारले. उत्तर ठरलेले: अमेरिकेने नाही म्हणून सांगितले आहे. २१ फेब्रुवारी २००८ रोजी परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड यांना उभे राहून माफी मागावी लागली. २००२ मध्ये दोन विमाने तिथे उतरली होती.

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने चागोस मॉरिशसपासून तोडणे बेकायदा ठरवले, आणि २२ मे २०२५ रोजी सार्वभौमत्व मॉरिशसला देऊन तळ ९९ वर्षे भाड्याने ठेवण्याच्या तहावर सह्या झाल्या. कोकणातून मजूर म्हणून गेलेल्यांचे मराठी वंशज ज्या देशात आहेत, तो हाच मॉरिशस. तह पटलावर आला आणि २१ दिवसांची मोजणी सुरू झाली. वाटाघाटींत चागोसवासीयांना जागा नव्हती आणि संसदेत त्यांच्या बेटांना खासदार नाही. गॅटविक विमानतळाजवळच्या क्रॉली गावात त्यांच्यातले अनेक जण स्थायिक झाले आहेत. कॉमन्समध्ये त्यांची बाजू वर्षानुवर्षे मांडली ती क्रॉलीच्या खासदाराने, आपले मतदार म्हणून.