अपील आणि न्यायिक पुनर्विलोकन : मलेशियाच्या कोर्टांतले दोन दरवाजे

२३ ऑगस्ट २०२२ रोजी मलेशियाचे माजी पंतप्रधान नजीब रझाक फेडरल कोर्टात हरले आणि त्याच दिवशी त्यांची रवानगी काजांगच्या तुरुंगात झाली. १२ वर्षांची कैद आणि २१ कोटी रिंगिट दंड कायम झाला. फेडरल कोर्टाच्या वर त्या देशात कोर्ट नाही, म्हणजे विषय संपायला हवा होता. पण पुढची तीन वर्षे 'नजीब पुन्हा कोर्टात' ही बातमी येतच राहिली. मार्च २०२३ मध्ये फेडरल कोर्टाने त्यांचा आणखी एक अर्ज फेटाळला. २०२४ मध्ये त्यांनी क्वालालंपूर हायकोर्टात नवीनच अर्ज केला. ऑगस्ट २०२५ मध्ये फेडरल कोर्टाने तो अर्ज ऐकून घ्यायला परवानगी दिली आणि २२ डिसेंबर २०२५ रोजी हायकोर्टाने तो फेटाळला. बाहेरून वाचणाऱ्याला वाटते, हा माणूस एकच अपील पुन्हा पुन्हा करतो आहे.

तसे नाही. २०२२ मध्ये जे संपले ते अपील होते आणि २०२४ मध्ये जे सुरू झाले ते न्यायिक पुनर्विलोकन. शब्द कानाला जवळचे वाटतात, शिवाय आपल्याकडे 'पुनर्विचार याचिका' नावाची तिसरी गोष्टही याच टोपलीत पडलेली असते. त्यामुळे चांगले वाचणारे लोकही घोटाळा करतात. हा घोटाळा निव्वळ भाषेचा असता तर त्यावर लिहायची गरज नव्हती. पण चुकीच्या दारावर थाप मारली म्हणून बरोबर असलेला माणूसही हरतो, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवे.

अपिलात वरचे कोर्ट खालच्या कोर्टाचाच प्रश्न पुन्हा हातात घेते. पैसे गेले का, साक्षीदार खरा का, शिक्षा योग्य का? नजीब यांच्यावरचा मुख्य आरोप एसआरसी इंटरनॅशनल या सरकारी कंपनीचे ४ कोटी २० लाख रिंगिट त्यांच्या खात्यात आल्याचा होता. दंड संहितेच्या कलम ४०९ खाली, म्हणजे विश्वासघाताचे, तीन आरोप सिद्ध झाले. (हा आकडा मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. मलेशियाची दंड संहिता आपल्या भारतीय दंड संहितेच्याच वंशातली आहे. आपल्याकडे ती १ जुलै २०२४ ला निवृत्त झाली, तिकडे ४०९ हा आकडा अजून नांदतो आहे.) हायकोर्ट, कोर्ट ऑफ अपील, फेडरल कोर्ट या तिन्ही पायऱ्यांवर प्रश्न एकच होता : या माणसाने हे केले का?

पुनर्विलोकनात तो प्रश्नच नसतो. जानेवारी २०२४ मध्ये क्षमादान मंडळाने नजीब यांची शिक्षा निम्म्यावर आणली आणि दंड ५ कोटी केला. उरलेली शिक्षा घरी भोगण्याची मुभा देणारा तत्कालीन राजांचा एक पुरवणी आदेशही आहे, असे नजीब यांचे म्हणणे. सरकारने तो आदेश आहे की नाही ते सांगावे आणि असेल तर अमलात आणावा, असा हुकूम त्यांनी हायकोर्टाकडे मागितला. इथे समोर खटल्याचा निकाल नव्हता, सरकारचे वागणे होते. ते दोषी आहेत की निर्दोष याची चर्चा त्या खोलीत शिरूच शकत नव्हती. हायकोर्टाने शेवटी पाहिले ते एवढेच की, क्षमेचा अधिकार राज्यघटनेने ज्या रीतीने वापरायला सांगितला आहे त्या रीतीने हा पुरवणी आदेश निघाला का. मंडळाच्या बैठकीत त्यावर विचार झालेला नव्हता, म्हणून तो वैध नाही, असे उत्तर आले.

फरकाचा गाभा इथेच आहे. अपिलात कोर्ट विचारते, निर्णय बरोबर आहे का. पुनर्विलोकनात विचारते, हा निर्णय असा घेण्याचा तुम्हाला अधिकार होता का, आणि घेताना तुम्ही कायद्याने आखलेल्या वाटेने गेलात का. मराठी वाचकाला सोपे जावे म्हणून सांगायचे तर, मलेशियातले पुनर्विलोकन हे आपल्या हायकोर्टातल्या रिट याचिकेचे जवळचे भावंड आहे.

दारांची कुलपेही वेगळी आहेत. पुनर्विलोकनासाठी आधी कोर्टाची परवानगी लागते आणि अर्ज साधारण तीन महिन्यांच्या आत करावा लागतो. हायकोर्टातला दिवाणी खटला हरला तर कोर्ट ऑफ अपीलकडे जायला महिनाभराची मुदत. तिथेही हरलात तर दिवाणी प्रकरणात फेडरल कोर्टाचे दार आपोआप उघडत नाही. प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा आहे किंवा कायद्याचा असा मुद्दा पहिल्यांदाच आला आहे, हे आधी पटवून द्यावे लागते.

हा सगळा प्रदेश एकाच माणसाच्या कामातून पाहायचा तर मला गोपाल श्रीराम यांचे नाव घ्यावेसे वाटते. १९७० पासून वकिली, १९९४ मध्ये वकिलीतून थेट कोर्ट ऑफ अपीलच्या खुर्चीवर, पुढे फेडरल कोर्ट, २०१० मध्ये निवृत्ती आणि पुन्हा वकिली. २०१४ मध्ये तेव्हाचे विरोधी पक्षनेते अन्वर इब्राहिम यांच्या अपिलात ते बचावाला उभे होते आणि समोर विशेष सरकारी वकील म्हणून मुहम्मद शफी अब्दुल्ला होते. काही वर्षांत नजीब यांच्यावरच्या वनएमडीबी (सरकारी गुंतवणूक निधी) खटल्यात जागा उलटल्या : श्रीराम सरकारतर्फे, शफी बचावाला. जानेवारी २०२३ मध्ये श्रीराम गेले. इतक्या बाजूंनी उभे राहून काम केलेल्या माणसाला दोन दरवाजांतला फरक जितका कळला असेल, तितका पुस्तकातून कळत नाही.

न्यायाधीश असताना १९९६ मध्ये त्यांच्यापुढे एका शाळाशिक्षकाचे प्रकरण आले. थोड्या रकमेच्या अपहारात दोषी ठरलेल्या या शिक्षकाला फौजदारी कोर्टाने तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले, पण शिक्षण सेवा आयोगाने नोकरीतून काढून टाकले. श्रीराम यांनी लिहिले की घटनेतल्या 'जीवित' या शब्दात उपजीविकाही येते आणि शिक्षा अपराधाच्या मानाने अवाजवी असता कामा नये. बडतर्फी जाऊन पदावनती आली. 'जगण्यात पोट भरणेही आले' हा विचार मुंबईकरांना नवा नाही. १९८५ मध्ये मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो मांडला होता.

इथे एक चोख विचार करणारा वाचक मला अडवेल. कोर्टाने शिक्षा बदलली म्हणजे निर्णयातच हात घातला की! मग अपील वेगळे कसे? आक्षेप खरा आहे, आणि मलेशियाच्या कामगार कायद्यात हा प्रश्न अनेक वर्षे धुमसला. औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्यावर तिथे अपीलच नव्हते. कामावरून काढलेला माणूस हरला की त्याच्या हातात फक्त पुनर्विलोकन उरायचे. आपल्याकडे औद्योगिक विवाद कायद्याखाली वर्षानुवर्षे अशीच स्थिती होती, निवाड्यानंतर रिटच. पुनर्विलोकनाचा जुना नियम असा की निवाडा सदोष असेल तर तो रद्द करून प्रकरण परत पाठवायचे. मग पुन्हा तारखा, पुन्हा साक्षी. घरी बसलेल्या कामगाराला हे परवडत नाही. नोकरकपातीत काम गेलेल्या रामचंद्रन नावाच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात फेडरल कोर्टाच्या बहुमताने ही चौकट रुंद केली. कोर्ट गुणवत्तेतही पाहू शकते आणि योग्य दाद स्वतःच देऊ शकते, असे सांगून त्यांनी प्रकरण परत न पाठवता भरपाईचा निर्णय तिथेच केला. कायद्याच्या अभ्यासकांनी यावर टीका केली, की पुनर्विलोकनाच्या नावाखाली हे अपीलच झाले. मला टीका समजते, पण निकाल पटतो. जिथे अपिलाचा दरवाजा भिंतीने बुजवलेला असतो तिथे शेजारचा दरवाजा थोडा जास्त उघडावा लागतो.

अखेर कायदा बदलला. १ जानेवारी २०२१ पासून औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्यावर हायकोर्टात अपील करता येते, मुदत १४ दिवस. म्हणजे तोच कामगार, तीच बडतर्फी, पण दार बदलले आणि तीन महिन्यांचे १४ दिवस झाले. जुन्या सवयीने तीन महिने मोजत बसलेल्या वकिलाचे काय होईल, ते सांगायला नको.

या बदलातून आणखी एक गोष्ट दिसते. अपील हे कायदेमंडळाने दिले तर मिळते, न दिले तर नाही. पुनर्विलोकन कुणी 'द्यावे' लागत नाही, ते न्यायालय असण्यातच आहे. महामार्गासाठी जमीन गेलेल्या सेमेनयिह जया या कंपनीच्या प्रकरणात २०१७ मध्ये फेडरल कोर्टाने हेच बजावले. भूसंपादन कायद्यातले एक कलम सांगत होते की मोबदल्याबाबत दोन असेसरांचे, म्हणजे किंमत ठरवायला न्यायाधीशासोबत बसणाऱ्या जाणकारांचे, मत हायकोर्टाच्या न्यायाधीशावर बंधनकारक आहे. न्यायमूर्ती झैनुन अली यांनी ते कलम घटनाबाह्य ठरवले : न्याय करण्याचा अधिकार न्यायाधीशाचा, तो दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. वाढीव मोबदल्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या आपल्याकडच्या शेतकरी कुटुंबांना या वाक्याची किंमत कळेल.

पुढच्याच वर्षी हे तत्त्व एका आईच्या कामी आले. इपोहच्या बालवाडी शिक्षिका इंदिरा गांधी मुथो यांच्या पतीने २००९ मध्ये इस्लाम स्वीकारला आणि पत्नीला न सांगता तिन्ही मुलांच्या धर्मांतराची प्रमाणपत्रे मिळवली. धाकटी मुलगी तेव्हा ११ महिन्यांची होती. धर्मासंबंधीचे प्रकरण शरिया न्यायालयाचे, दिवाणी न्यायालयाने त्यात पडू नये, अशी घटनेतच दुरुस्ती आहे. इंदिरा हिंदू, त्यांना शरिया न्यायालयात उभेच राहता येत नव्हते. मग जायचे कुठे?

त्यांच्या वकिलांनी प्रश्न धर्माचा केलाच नाही. मुले खरी मुस्लिम आहेत का, असे त्यांनी विचारले नाही. त्यांनी विचारले, प्रमाणपत्र देणाऱ्या निबंधकाने राज्याच्या कायद्यात सांगितलेल्या अटी पाळल्या का? मुलांनी स्वतः कलमा म्हणायला हवा होता, ती तर तिथे हजरही नव्हती. हा निखळ पुनर्विलोकनाचा प्रश्न होता आणि तो असा मांडला गेला म्हणूनच दिवाणी कोर्टात टिकला. २०१३ मध्ये इपोह हायकोर्टाने प्रमाणपत्रे रद्द केली. २०१५ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने २ विरुद्ध १ मतांनी निकाल फिरवला. २९ जानेवारी २०१८ रोजी फेडरल कोर्टाच्या पाचही न्यायमूर्तींनी तो पुन्हा इंदिरांच्या बाजूने लावला. निकालपत्र झैनुन अली यांचेच. सरकारी निर्णय तपासण्याचा दिवाणी न्यायालयांचा अधिकार घटनेच्या पायाचा भाग आहे, तो घटनादुरुस्तीनेही काढता येत नाही, असे त्यात आहे. या विचाराचे मूळ शोधत गेले तर वाट १९७३ च्या केशवानंद भारती खटल्याकडे आणि तिथे युक्तिवाद करणाऱ्या मुंबईच्या नानी पालखीवाला यांच्याकडे येते. मलेशियाच्या कोर्टाने १९७७ मध्ये ही कल्पना नाकारली होती, नंतर चाळीसेक वर्षांनी ती मान्य झाली.

या खटल्यात गोंधळाचे मूळ कारणही सापडते. सुरुवात पुनर्विलोकनाने झाली, पण त्या निकालाविरुद्ध वर जायचे ते अपिलानेच. त्यामुळे एकाच फाइलवर दोन्ही शब्द येतात. कोर्ट ऑफ अपील आणि फेडरल कोर्ट तपासत होते ते 'हायकोर्टाचा पुनर्विलोकनाचा निकाल बरोबर आहे का' हे.

आता ती तिसरी गोष्ट, पुनर्विचार : फेडरल कोर्टाने आपलाच निकाल पुन्हा पाहणे. नजीब यांचा मार्च २०२३ चा अर्ज या जातीचा होता आणि तो ४ विरुद्ध १ असा फेटाळला गेला. हे अपील नव्हे, कारण वर कुणी नाही. न्यायिक पुनर्विलोकनही नव्हे, कारण समोर सरकारी अधिकारी नाही, कोर्ट स्वतःच आहे. हे दार जवळजवळ बंदच असते. किती बंद, ते बून्सोम बून्यानित यांच्या जमिनीवरून कळते.

या थाई बाईंची पेनांगमध्ये तंजुंग बुंगा इथे जमीन होती. एका तोतयाने त्यांच्या नावाची बनावट कागदपत्रे करून ती अडोर्ना प्रॉपर्टीज या कंपनीला विकली. हायकोर्टात बाई हरल्या. १९९७ मध्ये कोर्ट ऑफ अपीलमध्ये जिंकल्या, आणि तो निकाल श्रीराम यांनी लिहिला होता : बनावट कागदावर थेट घेणाऱ्याला, तो कितीही प्रामाणिक असो, मालकी टिकवता येत नाही, संरक्षण आहे ते त्याच्याकडून पुढे विकत घेणाऱ्याला. डिसेंबर २००० मध्ये फेडरल कोर्टाने तो फिरवला आणि जमीन कंपनीकडे गेली. बाई त्याआधीच वारल्या होत्या. त्यांच्या वारसाने फेडरल कोर्टाला आपला निकाल पुन्हा पाहण्याची विनंती केली. ती नाकारली गेली. निकाल चुकीचा असणे एवढे कारण पुरत नाही, नाहीतर कुठलाच खटला कधी संपणार नाही, असा यामागचा विचार आहे. तो समजू शकतो. तरी हे प्रकरण वाचताना घसा दाटतो.

२१ जानेवारी २०१० रोजी तान यिंग हाँग नावाच्या दुसऱ्याच एका जमीनमालकाच्या अपिलात पाच न्यायमूर्तींच्या फेडरल कोर्टाने सांगितले की अडोर्नाचा निकाल चुकला होता. सरन्यायाधीश झाकी अझमी यांनी ती चूक उघड आणि ढळढळीत असल्याचे नमूद केले. श्रीराम यांनी १९९७ मध्ये लावलेला अर्थ हाच कायदा ठरला. तान यिंग हाँग यांच्या जमिनीवर बनावट कागदांनी चढवलेला बँकेचा बोजा रद्द झाला. तंजुंग बुंगाची जमीन बून्सोम यांच्या वारसांकडे परत आली नाही.