उभा कार्यक्रम आणि आडवी व्यवस्था (सार्वजनिक आरोग्य)

गरीब भागातल्या लोकांची तब्येत सुधारायची कशी, यावर जगभरच्या आरोग्यवाल्यांमधे चालत आलेला जुना वाद. उभा कार्यक्रम म्हणजे एकच आजार धरायचा, त्याला वेगळा पैसा, वेगळी माणसं, वरून थेट गावापर्यंत. देवी अशीच संपवली, १९८० ला तसं जाहीर झालं. आडवी व्यवस्था म्हणजे दवाखाना, नर्सताई, पाणी, खाणंपिणं सगळंच सोबत.

१९७८ ला तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा शहरी भरलेल्या जागतिक आरोग्य परिषदेत आडव्या बाजूने कौल लागला, २००० पर्यंत सर्वांना आरोग्य म्हणे. पण पुढच्याच वर्षी वॉल्श आणि वॉरन या दोन संशोधकांनी मांडलं की एवढं परवडत नाही, निवडक कामं घ्या, आणि मग युनिसेफच्या जेम्स ग्रँटनी बाळाचं वजन, ओआरएस, अंगावरचं दूध आणि लस या चार गोष्टी लावून धरल्या. त्यात लाखो पोरं वाचली, हे आडव्यावाल्यांनीही मान्य करायला पाहिजे.

आपल्याकडे देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा देणारी १९४६ ची भोर समिती आडवीच होती, पल्स पोलिओ उभा, आणि २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली आशाताई बिचारी दोन्हीकडे राबते.

खानदेशात हा वाद बघायचा तर नंदुरबारला, धडगाव-मोलगीकडे. भिल्ल, पावरा लोकांमधे सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, बराच आहे, २०२३ ला त्याचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, २०४७ पर्यंत संपवायचा म्हणतात. तपासणी जोरात होते, रंगीत कार्डं मिळतात. पण पोलिओसारखे दोन थेंब पाजून निघून जायचा हा आजार नाही ना, आईबाप दोघं वाहक (स्वतः आजारी नाहीत, पण दोष पुढे देतात) असले तर दर बाळंतपणात पोराला तो व्हायची चारात एक शक्यता, आणि झाला की जन्मभर गोळ्या, त्यासाठी औषध कायम स्टॉकमधे पाहिजे आणि पावसाळ्यात पाड्यावरून दुखण्याने तळमळणारं पोरगं झोळीत घालून खाली आणायला लागू नये असा रस्ता पाहिजे. नर्मदाकाठच्या पाड्यांना तर दवाखानाच बोटीतून जातो. त्यात दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत, मग कुपोषित पोराचा उपचार अर्धाच राहतो.

मजुरी, शिक्षण, घर यांच्यापासूनच सुरुवात करा असंही एक मत आहे, २००८ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या मायकेल मार्मट आयोगाने तेच सांगितलं. विमावाल्यांचं वेगळंच, पाच लाखाचं कार्ड देतात, पण जवळ हॉस्पिटल नसलं तर ते वापरायचं कुठे? मेक्सिकोतून तिरपा रस्ताही निघाला, एका आजाराच्या पैशातून सगळी व्यवस्था उभी करायची. सिकलसेलच्या पैशातून उपकेंद्राला लॅबवाला मिळाला तर तोच गरोदर बायांचं हिमोग्लोबिनही बघेल, फक्त ती पोस्ट भरली पाहिजे.