स्नायू मूलपेशींचे विभेदन : चयापचय आणि जनुकनियमन

सांगाड्याच्या स्नायूतील पूर्ण वाढलेला तंतू विभागत नाही. तो फाटला की दुरुस्तीचे काम त्याला चिकटून बसलेल्या मूलपेशींवर येते. तंतूचे पटल आणि त्यावरचा आधारस्तर यांच्यामधल्या फटीत या पेशी असतात. १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाहिल्या आणि जागेवरूनच त्यांना ‘उपग्रही पेशी’ असे नाव दिले. त्यांच्या कामाचा तेव्हा केवळ अंदाज होता.

एरवी या पेशी सुप्त असतात. पॅक्स-७ हे प्रथिन त्यांची ओळख टिकवते. दुखापत झाली की मायोडी प्रथिन तयार होते आणि पेशी विभागू लागतात. पुढे मायोजेनिन हे प्रथिन आले की विभाजन थांबते आणि पेशी एकमेकींत विलीन होऊन बहुकेंद्रकी तंतू बनतो; मूलपेशीचे असे स्नायूत रूपांतर म्हणजेच विभेदन. काही मात्र पुन्हा सुप्तावस्थेत जातात. पुढच्या दुखापतीसाठीचा साठा तोच. मायोडीची ताकद १९८७ मध्ये दिसली : त्याचे जनुक घातलेल्या संयोजी ऊतकाच्या पेशीही स्नायूपेशींसारख्या वागू लागल्या. त्यामुळे सारे काही एका कळीवर चालते असे वाटू शकते. ते अपुरे आहे; पेशीच्या चयापचयाचाही यात हात असतो.

जनुक वाचायचे तर डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेले असते त्या हिस्टोन प्रथिनांवर ॲसिटिल गट, म्हणजे छोटे रासायनिक तुकडे, बसावे लागतात. ते मिळतात ॲसिटिल कोएंझाइम-ए या चयापचयातल्याच रेणूकडून. काढून टाकण्याचे कामही चयापचयाशीच बांधलेले आहे. सर्ट-१ हे विकर ॲसिटिल गट काढते, पण त्यासाठी त्याला एनएडी हा रेणू खर्ची घालावा लागतो. सुप्त पेशी मुख्यतः मेदाम्ले जाळते, तिच्यात एनएडी मुबलक असते आणि स्नायूची जनुके मिटलेली राहतात. जागी झालेली पेशी ग्लुकोजच्या विघटनाकडे वळते, एनएडी घटते, सर्ट-१ मंदावते आणि ही जनुके उघडतात. २०१५ मध्ये उंदरांच्या स्नायूंत सर्ट-१ चा कार्यकारी भाग निकामी केला, तेव्हा मूलपेशींत स्नायूजनुके अवेळी चालू झाली. तंतू बारीक राहिले आणि जखम नीट भरली नाही. उलट ग्लुकोज कमी पडल्यास एएमपीके हे विकर एनएडी वाढवते आणि विभेदन अडते. उपासमारीत नवे तंतू घडवू नयेत, हा हिशेब पेशीला अशा रीतीने कळतो.

विभेदन सुरू झाल्यावर तंतुकणिका, म्हणजे पेशीतली ऊर्जानिर्मितीची केंद्रे, वाढतात आणि ऊर्जेचा भार पुन्हा ऑक्सिजनावर येतो. तंतुकणिकांतील प्रथिननिर्मिती रोखली तर विभेदनही खुंटते.

या साऱ्याचे मोजमाप मात्र अवघड आहे. स्नायूतून वेगळे काढतानाच सुप्त पेशी जागी होऊ लागते, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या बशीत दिसणारी ‘सुप्त’ पेशी बहुधा अर्धवट जागी झालेली असते.